घरात बंदी असलेले शब्द

मु. खडकवाडी, ता. कर्जत, जि. अहमदनगर
दि. १७ जानेवारी १९७३

चि. लंका हिस,

आशीर्वाद तूर्त आईचे समज, माझ्या आशीर्वादाचं अजून ठरायचं आहे. इकडे सर्व क्षेम. म्हणजे पाऊस नाही, कडबा नाही, विहिरीला पाणी नाही, आणि मी निवृत्त होऊन गावच्या अडाण्यांत बसलो आहे. तुमच्या गोव्यात पाण्याला तोटा नसणार. समुद्र आहे ना दाराशी.

तुझं पत्र गेल्या महिन्यात पोचलं. सातवा लागतोय, पहिलं बाळंतपण माहेरी, आईच्या हाताखाली व्हावं असं वाटतं, ‘नाना, येऊ का?’ असं तू विचारलं आहेस. पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत. मराठीची शिक्षिका म्हणून सरकारनं तुला गोव्याला नेमलं तेव्हा मी गावात पेढे वाटले होते. माझी लेक फिरंग्यांच्या मुलखात मराठी शिकवायला चालली म्हणून! तू तिकडे मराठी किती शिकवलीस ते देवाला ठाऊक. पदरात मात्र पोर्तुगीज शिकवणारा मास्तर पाडून घेतलास. कायतान. हे काय माणसाचं नाव झालं? गावात कुणी विचारलं तर मी खोकल्याची उबळ आणतो.

उत्तराला उशीर झाला, कारण मला सवड नव्हती.

तो एकदाच या घरात आला आणि तेवढ्यात त्यानं घर नासवलं. जावई म्हणून नव्हे, तुझ्यामागून आला म्हणून मी त्याला ओसरीत बसू दिलं. दिवस नेमका एकादशीचा. तुझ्या आईला कुठं काय कळतं, तिनं त्याच्यापुढेही उपासाचं ताट ठेवलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, कडेला पेरूची फोड. ज्याच्या घराण्यात एकादशी कशाशी खातात हे माहीत नाही, तो ताटाकडे बघून हसला आणि मला म्हणाला, “मामा, साडेचारशे वर्षांपूर्वी तुम्हाला आज खरंच उपाशी राहावं लागलं असतं. बटाटा, मिरची, शेंगदाणे, पेरू, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोसुद्धा, सगळं पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलं. या ताटातलं मीठ आणि तूप तेवढं तुमचं.”

मी मिसरूड फुटल्यापासून एकादशी करतो. मला सांगतो!

बरं, तेवढ्यावर थांबावं. नाही. मग त्याची नजर घरभर फिरली. बादली त्यांची, परात त्यांची, चावी त्यांची, साबण त्यांचा, अंगणातलं घमेलं त्यांचं, आणि ज्यावर मी जन्म काढला तो पगारही त्यांचाच. तुझी आई पदर तोंडाला लावून हसत होती. त्यानंतर त्यानं लॅटिनचं पुराण सोडलं. लॅटिन म्हणून एक आई होती, तिच्या लेकी पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, आणखी एक लांब रुमानियात दिलेली. ज्या घरी पडल्या त्या घरचं बोलायला लागल्या, पण आईचा तोंडवळा कुणाचाच गेला नाही. त्यातली पोर्तुगीज गलबतात बसून चौलला उतरली. चौल तेव्हा आपल्या नगरच्या निजामशाहीचं बंदर. नगरच्या बाजारात म्हणे हबशी, तुर्क, इराणी, फिरंगी आणि आपले कुणबी खांद्याला खांदा लावून भाव करायचे, आणि कुणाचा शब्द कुणाच्या तोंडी बसला हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. नगरचा इतिहास हा मला शिकवत होता, नगर जिल्ह्यात हेडमास्तरकी केलेल्या माणसाला! आणि लेकींची गोष्ट सांगताना सारखा तुझ्याकडे बघत होता. मला काय कळत नाही होय?

तुम्ही त्याच दिवशी दुपारच्या एस.टी.नं गेलात. का गेलात ते उगाळत बसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी घरात नियम केला की, फिरंगी शब्द तोंडातून काढायचा नाही. कोणता शब्द फिरंगी, हे त्या गृहस्थानं आपणहून सांगून ठेवलंच होतं, तेवढा त्याचा उपयोग झाला. चावीला कुंचिका, साबणाला फेनक, बादलीला जलपात्र, पगाराला वेतन. परातीला अजून शोधतो आहे. तुझ्या आईला मी म्हटलं, “कुंचिका आण,” तर तिनं चुना लावायचा कुंचा आणून दिला. शेजारची बनुबाई तर आडाच्या कडेला उभी राहून हाका मारते, “मास्तर, तुमच्या जलपात्राचा कडी तुटलाय बरं का!” कडी स्त्रीलिंगी आहे हेसुद्धा त्या बाईला ठाऊक नाही. अशा लोकांत मी राहतो.

पहिल्या पहिल्यांदा तुझी आई चुकायची आणि मी सुधारायचो. पुढं ती वस्तूकडे बोट दाखवू लागली. ठीक होतं. मग तुझं हे पत्र आलं. मी तिला सांगितलं की, शिक्षण खात्याचं आहे. पण आपला पोस्टमन छगन, पोटात काही ठेवील तर शपथ. त्यानं तिला आधीच वाटेत सांगितलं होतं, “काकू, लंकाताईचं पत्र दिलंय मास्तरांकडं.” ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिचे शब्द तिच्याच भाषेत देतो, कारण सुधारावेसे वाटले तरी मला सुधारता आले नाहीत.

“च्यावी म्हनू नगं, परात म्हनू नगं, साबन म्हनू नगं, लेकीचं नाव काढू नगं. मग या घरात बोलायचं ऱ्हायलंय काय?”

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

शिकलेल्या माणसाच्या घरात शांतता असावी, असं मी नेहमी म्हणत आलो. आता आहे. चुलीवर पाणी उकळतं तेवढा आवाज येतो. परवा संक्रांतीला तिनं सगळ्या गावाला तिळगूळ दिला. माझा चुलीपाशी वाटीत काढून ठेवला आणि हात धुवायला निघून गेली. मी तो उभ्यानंच खाल्ला.

आणखी एक सांगायचं राहिलं. ती पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जायला लागली आहे. हेडमास्तरची बायको डोक्यावर माती वाहते! अन्नान्न दशा आहे म्हणून नव्हे, माझं निवृत्तिवेतन आम्हा दोघांना पुरतं. मी बनुबाईकडून काढून घेतलं, तर कारण असं की, “तितं बोलाया मिळतं.” माझ्या पेटीतलं तुझं पत्र तिनं तिकडेच नेलं आणि मुकादमाकडून वाचून घेतलं. सगळ्या बायका घमेली टाकून ऐकत होत्या. तुझे दिवस, तुझी भीती, ‘नाना, येऊ का’, सगळं आता तलावावर ठाऊक आहे. त्या मुकादमाची लायकी हजेरी मांडण्याचीसुद्धा नाही, आणि तो माझ्या लेकीचं पत्र वाचतो.

ऐकून झाल्यावर तुझी आई काय म्हणाली, तेही बनुबाईनंच मला सांगितलं, आणि सांगताना तिला फार गोड वाटत होतं.

“लेकीला हिकडं येऊ द्यायचं नसंल तर मी जाती तिकडं. लई लांब हाय तर हाय. बोली येत न्हाई तर न्हाई. बाळतिनीला शेकाया बोली कशाला लागती?”

जी बाई नगरच्या पलीकडे कधी गेली नाही, ती गोव्याला निघाली! एस.टी. स्टँडावर ती कुठल्याही गाडीत बसेल. हसण्यासारखं आहे सगळं. पण डिंक, खारीक, अळीव तिनं कुठून कुठून जमवलं आहे, आणि माझ्याकडे पाठ करून तिची जुन्या लुगड्याची दुपटी शिवून झाली आहेत. ती गेली की परत येईल असं मला वाटत नाही. तू तिला ठेवून घेशील, आणि तो तुझा कायतान तिला मान हलवून हलवून गोष्टी सांगेल, आणि ती पदर तोंडाला लावून हसेल. मी इथं शुद्ध मराठीत बसेन. कुणाशी?

तेव्हा, पूर्ण विचाराअंती कळवतो की, तू ये. नववा लागायची वाट बघू नकोस, रस्ते फार खराब आहेत. कायतानला सोडायला येऊ दे. ओसरीत नको, आत बसेल. त्याला बोलू देईन, पण जेवताना नको. पाण्याची काळजी करू नकोस, पलीकडच्या शिवारात एका विहिरीला अजून पाझर आहे, तिथून मी आणतो. बादलीनंच आणतो. जलपात्र म्हटल्यानं ती मोठी झालेली नाही. तू आलीस की तुझी आई तुझ्याशी बोलेल. माझ्याशी नाही बोलली तरी चालेल. घरात तिचा आवाज असला म्हणजे झालं. मला या घरात अजिबात करमत नाही, लंका.

येण्याचा दिवस कळवशील ते पत्र मला पाठवू नकोस, आईच्या नावानं पाठव. हे मी सांगितलं असं त्यात लिहू नकोस. चांगलं ऐसपैस लिही, आणि जोडाक्षरं भरपूर घाल. त्या मुकादमाला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. ती माझ्याकडे घेऊन येईल.

वाट बघणारे,
नाना