सोमवारची प्रत

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आलो बाबा एकदाचा! वाईहून सातारा, साताऱ्याहून कराड आणि पुढं तासभर साखर कारखान्याच्या जीपमधून. अंगातली सगळी हाडं मोजून झाली. पण जागा झकास आहे. हद्द सांगली जिल्ह्याची, वसाहतीत दोन खोल्या, दारात पेरू आणि हवेत मळीचा वास. क्रांतीनं नाक दाबलं. नववा महिना सरत आलाय, तिला हल्ली सगळ्याचाच वास येतो. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, रहिमतपूरला व्हायचं, पण इथं संस्थेचा स्वतःचा दवाखाना आहे म्हणून सासूबाईच इकडं आल्यात. ही वही क्रांतीनं दिली. म्हणाली, बाप होणार आहात, रोज चार ओळी लिहीत चला. लिहितो बाई.

कामाचं सांगायचं तर संस्थेचा कारखाना, दूध संघ, कॉलेज आणि दवाखाना, चौघांचं दफ्तर एकाच सर्व्हरवर आहे. एका लोखंडी पेटीच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीनं, चाळीत चार बिऱ्हाडं राहावीत तशी. त्या चाळीचं नाव होस्ट. होस्टची ऑपरेटिंग सिस्टीम अकरा वर्षांची झाली, तिला आता कुणी वाली उरलेला नाही. नवा सर्व्हर येतोय. त्याच्यावर घालायला भरवशाची, न पडणारी सिस्टीम निवडायची, एवढ्यासाठी मला आणलंय. हातचा मळ आहे!

साहेब म्हणजे इंद्रजितदादा, अध्यक्षांचा पुतण्या. माणूस दिलदार. माझं नाव अजून कर्मचारी यादीत चढवलेलं नाही, आधी काम बघणार, मग कायम करणार. हाताखाली आकारामतात्या. तीस वर्षं रोजंदारीवर आहेत आणि कायम करतो म्हटलं तरी होत नाहीत. येडे की काय! जुन्या सर्व्हरला त्यांनी लिंबू-मिरची बांधलीय. मी पोट धरून हसलो. तात्या हसले नाहीत.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी क्रांतीला दवाखान्यात भरती केलं. संगणकावरचा केसपेपर सासूबाईंनी भरून घेतला, सोबतीचं माणूस म्हणून स्वतःचं नावही दिलं. बाळंतपण माहेरचं, म्हणून नावही माहेरचंच लागलं, माझं नाव कुठंच नाही. जावई काय, पाहुणाच! म्हटलं राहू दे.

तासाभरानं चारी मशीनांचा पूर्ण बॅकअप घेतला आणि डिस्कवर चिठ्ठी डकवली, 'सोमवार १०'. त्याआधीच इंद्रजितदादांना ऐटीत सांगितलं होतं की याची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, आगीपाण्याचा काय नेम. दादा फोनवर होते, ऐकलं की नाही देव जाणे.

मग निवड. एक सिस्टीम ताजी, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, सगळं चकचकीत. दुसरी संथ, जुनाट, पण दहा वर्षं दुरुस्त्या मिळणार. होस्टला दुसरीच हवी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण नव्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड तिला ओळखेना, आणि मलाही नव्याची हौस. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! ताजी घातली. संध्याकाळपर्यंत चारी बिऱ्हाडं नव्या चाळीत.

तात्या दारात उभे राहून म्हणाले, "साहेब, बॅकप हवं तेवढं घ्या. पर मागं लावू नगा. कवाच लावू नगा." आणि चालू लागले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मुलगी झाली! दोन किलो आठशे ग्रॅम. डाव्या कानामागं मोहरीएवढा तीळ आहे. माझं बोट धरलं तिनं, देवाशपथ, सोडीचना. मी तिथंच रडलो. रेश्मा सिस्टर म्हणाली, आवं साहेब, बाळ गप आन तुमीच काय रडताय!

दादांनी फोन करून बाळाची नोंद लगेच संगणकात करवून घेतली, आपल्या माणसाचं काम म्हणून. ऑफिसात तीन किलो जिलेबी वाटली. तात्यांनी मात्र हातात घेतलेला तुकडा तसाच ठेवला. नोंद झाली का, एवढंच विचारलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शेजारच्या वॉर्डातले म्हातारे फौजी, नाथाजी, काल गेले. त्यांची मुलं ओट्यावर बसून रडत होती. इकडं आमची किलबिल. असंच असतं. परवा पाचवी. सासूबाईंची तयारी चाललीय. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवायचं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अकरा वाजता होस्ट पडला. नुसता बंद नाही, चारी मशीनांच्या डिस्क वाचता येईनात. काट्यावर वजन बंद, उसाच्या गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत. दादा डोक्यावर उभे. मी सोमवारचा बॅकअप मागं लावायला, म्हणजे सगळं सोमवारी होतं तसं परत भरायला घेतला. तात्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारा रडत होता. मी हात झटकला. मला वाटलं, चार दिवसांच्या नोंदी परत भराव्या लागतील म्हणून रडतोय.

दोन वाजता सगळं चालू. दादांनी पाठ थोपटली. मी तसाच दवाखान्यात गेलो.

क्रांती खाटेवर बसली होती. पोट होतं तसंच. नऊ महिन्यांचं. मला बघून म्हणाली, अहो, अजून कळा नाहीत. डॉक्टर म्हणाले, एकदोन दिवस वाट बघू.

पाळणा रिकामा. नाही, पाळणाच नव्हता. शेजारच्या वॉर्डात नाथाजी केळं खात बसले होते.

रविवार, १६ नोव्हेंबर

वेड लागलं असं वाटून काल रात्रभर ही वही वाचत बसलो. अक्षर माझंच आहे. सकाळी टेबलाचा खण उघडला तर जिलेबीचा रिकामा खोका, त्याला मुंग्या. ऑफिसात ज्याला त्याला विचारलं, जिलेबी कशाची होती? कुणालाच आठवत नाही.

तात्यांना आठवतं. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एकदाच बॅकअप मागं लावला होता. त्यांना नातू झाला होता, आठ दिवसांचा. सुनेला आज विचारलं तर म्हणते, मला पहिल्यापासून मूलच झालं नाही. "संगणकाच्या यादीतलं माणूस यादीबरुबर मागं जातंय. यादीबाहीरचं ऱ्हातंय, म्हून माझं डोकं शाबूत. आन मधल्या दिवसांत ज्याचं नाव चढलं, त्ये..." त्यांनी टेबलावरचं सांडलेलं पाणी हातानं पुसून दाखवलं.

म्हणून तात्या कायम झाले नाहीत. म्हणून जुना होस्ट अकरा वर्षं बंद पडू दिला नाही.

मी क्रांतीला रहिमतपूरला नेतो म्हणालो. उपयोग नाही, तात्या म्हणाले. त्यांचा नातू त्या दिवशी पुण्यात होता.

माझ्या पोरीची आज पाचवी असती. तिला मी पुसलं. या हातांनी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

क्रांतीला सांगायला गेलो. ती घाबरली, सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एकच मार्ग आहे. होस्ट पुन्हा पडताच कामा नये. जुनं नेटवर्क कार्ड मिळवलं, ती संथ, जुनाट सिस्टीम घातली. नवं काही नाही, चकचकीत काही नाही. हौस मेली माझी.

आणि सोमवारची डिस्क मळीच्या टाकीत टाकली. आता मागं लावायला काहीच नाही. संस्था बुडाली तर बुडो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नाथाजी पुन्हा गेले. तीच मुलं, त्याच ओट्यावर, तसंच रडत.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मुलगा झाला. गोरा, टक्कल, नाक क्रांतीचं. कानामागं बघितलं. तीळ नाही.

रेश्मा सिस्टरच्या पाया पडून सांगितलं होतं, बाळाची नोंद करू नका, आठ दिवस थांबा. ती हो म्हणाली होती. दुपारी दादांचा फोन, "तुमच्या पोराची नोंद मी उभं राहून करून घेतली, काय काळजी करू नगा." आभार मानले.

पेढे वाटले. सगळे म्हणाले, पहिलाच मुलगा, नशीबवान आहात. पहिला नाही, दुसरा! मला ओरडून सांगायचं होतं. हात पुढं करून पेढे देत राहिलो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पाचवी झाली. सासूबाईंनी कोरा कागद मागितला. मी हीच वही कोऱ्या पानावर उघडून पाटावर ठेवली, पेन ठेवलं आणि हात जोडले. मी कधी असलं मानलं नाही. आई सटवाई, लिही गं बाई याचं काहीतरी, पुसता येणार नाही असं लिही.

सकाळी पान कोरंच. सासूबाई म्हणतात, तिचं लिहिलेलं माणसाला दिसत नसतं.

ज्यात बाळ आहे अशी एक तरी प्रत हवी म्हणून रोज नवा बॅकअप घेतो, रोज उघडून बघतो. एकही उघडत नाही. डिस्क बदलल्या, केबल बदलल्या. कारण सापडत नाही. पण होस्ट आठ दिवस न पडता चाललाय. बाळ दूध पितं, झोपतं. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसतो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दादांनी सगळ्यांसमोर पत्र दिलं. कायम! सकाळीच माझं नाव यादीत चढलंय. टाळ्या वाजल्या. तात्या उठून बाहेर गेले.

मी दादांना म्हणालो, काढा नाव, आत्ता काढा. ते हसले. नाव काढायचं तर संचालक मंडळाची बैठक लागते, ती जानेवारीत. लोकं कायम व्हायला पाया पडतात, आन तुमी?

क्रांतीला एवढं आनंदात कधी बघितलं नव्हतं. बाळाला म्हणत होती, बाबा परमनंट झाले, बाबा परमनंट झाले.

डिस्क मळीत आहे. डिस्क मळीत आहे. मग भ्यायचं कशाला?

रविवार, ३० नोव्हेंबर

होस्टवर कालपासून इशारे येताहेत. तेच. पंधरा तारखेआधी आले होते तेच. सिस्टीमचा दोष नाही. कुठलीही घातली असती तरी —

तात्या सर्व्हरपाशी हात जोडून बसलेत. मीही बसलो. लिंबू नवं बांधलं.

सोमवार, १ डिसेंबर, सकाळ

साडेनऊला पडला.

दादांना म्हणालो, बॅकअप खराब झालाय, सगळं हातानं भरू, महिना लागेल, मी एकटा भरतो. ते म्हणाले, महिना? तीनशे गाड्या रस्त्यावर हायती. मग हसले. म्हणाले, तुमीच सांगितलेलं न्हवं का, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा म्हून? रोजंदारीवरचा ड्रायव्हर म्हणतोय, ती त्यानं तवाच सांगलीच्या हापिसातल्या कपाटात नेऊन ठिवलीय.

ऐकलं होतं. फोनवर होते, तरी ऐकलं होतं.

दुपार

डिस्क आली. सांगलीहून माणूस आलाय, तोच लावतोय. मी डिस्क हिसकावायला गेलो, चौघांनी धरून बाहेर काढलं, दार आतून लावलं. तात्या म्हणाले, "पळून काय उपेग न्हाई. पोरापशी जा."

दवाखान्यात. क्रांतीच्या खाटेवर. बाळ मांडीवर. फोनवर होस्टचं पान उघडलंय, किती मागं लागलंय त्याचा आकडा दिसतोय. बावीस टक्के.

माझं नाव अठ्ठावीसला चढलं. सोमवारच्या प्रतीत मी नाही. केसपेपरवरही नाही. तिला वाटेल, आपण माहेरी बाळंतपणाला आलोय, आणि नवरा —

चव्वेचाळीस. क्रांती विचारतेय, सारखं काय लिहिताय? बाळाला घ्या की नीट.

घेतलंय.

एकसष्ट. वही तिच्या उशीखाली ठेवणार. वही यादीत नाही. वही राहील. जिलेबीचा खोका राहिला तशी.

अठ्ठ्याहत्तर. ओठ हलवतोय. भूक लागली असेल. क्रांती, याला —

नव्वद. हलका लागतोय. दुपट्याचंच वजन आहे हातात. नको. नको रे देवा, नको

क्रांती माझ्याकडं बघतेय. आता सासूबाईंकडं वळून हळूच विचारतेय, आई, हे कोण गं? माझ्या खाटेवर का बसलेत?

क्रांती, वाच हे. आपल्याला आधी एक मुलगी झाली होती. माझं बोट सोडत नव्हती. तिच्या डाव्या कानामागं