पुसलेल्या रेघा

ता. ९, मंगळवार

वन्संना नमस्कार.

तुम्ही बऱ्या असालच. मी फोन केला की कट करता, म्हणून कागद घेतला, शेजारच्या पोराच्या हाती आजच धाडतेय. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षराला नावं ठेवू नका. सुनेकडून वाचून घ्या, म्हणजे तिलाही कळेल सासूने काय उद्योग केलाय.

शुक्रवारी दवाखान्यात सगळ्यांदेखत मी तुम्हाला "चालत्या व्हा" म्हटलं. म्हटलं, आणि मागे घेत नाही. सकाळी घरी भावाच्या पोटावर निळ्या रेघा दिसल्या म्हणून कुणी साबण लावून घासतं का? वर तोंड करून म्हणता, "माझ्या पोराला कुणी रंगवून ठेवलंय!" आणि हेही डोळे मिटून पडले असणार. ताईचा हात लागला की ह्यांना कशाची शुद्ध!

अहो, तो नेम होता. त्या रेघा बघूनच ह्यांना यंत्राखाली निजवतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, साधा किरण आरपार जातो, पण ह्या यंत्रातून सुटणारे कण यकृतातल्या गाठीत शिरतात आणि तिथेच थांबतात. नेम हलला तर चांगला भाग जळायचा. कणांना कळतं कुठे थांबायचं. तुम्हाला साठी उलटली तरी कळलं नाही.

त्या दिवशीची यंत्राची पाळी बुडाली. पुन्हा स्कॅन, पुन्हा रेघा. ते एक निभावलं.

पण काल काम झालं नाही. आजही नाही. यकृत श्वासाबरोबर वरखाली होतं म्हणे, म्हणून श्वास ठरल्या जागी आला की तेवढ्यापुरतं यंत्र चालतं. ह्यांची छाती नुसती भात्यासारखी. यंत्र सुरू, बंद, सुरू, बंद. शेवटी ह्यांना तसंच बाहेर काढलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, घरी काही झालंय का?" मी म्हटलं, "कुठे काय."

घरी आल्यावर हे म्हणाले, "उद्या मी येत नाही."

"का?"

"ताईला हाकललंस ना? मग तूच झोप त्या टेबलावर."

मी गरम पाणी आणलं, म्हटलं अंग तरी पुसून देते. तर बटणं गळ्यापर्यंत लावून भिंतीकडे तोंड.

वन्सं, शुक्रवारी सकाळी मी दाराआड होते. तुम्ही साबण घ्यायच्या आधी हे काय म्हणाले ते ऐकलंय मी. "ताई, तूच पूस. हिने मला असं बघायला नको." लग्न झाल्यापासून ह्यांची दुखणी कुणी काढली? आणि मी बघायला नको. तुम्ही आपलं "बरं रे राजा" म्हणालात. एकदा तरी म्हणायचं होतंत, तिलाच करू दे. ते ऐकलं आणि मी तिथून निघून गेले, म्हणून साबण मला दिसला नाही.

रेघांचा राग खराच आहे. पण नुसत्या रेघांसाठी कुणी एवढं ओरडत नाही.

अशा पाळ्या चुकत गेल्या तर गाठ जोर धरेल असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा उद्या सकाळी या. मला तुमची गरज नाही, ह्यांच्या श्वासाला आहे. रडत येऊ नका. खायला काही आणू नका, पोट रिकामं लागतं. माफी तुम्ही मागू नका, मीही मागणार नाही.

तुम्ही रेघा सोडून अंग पुसत असाल तेव्हा मी जिन्यात बसेन. हाक मारली तर वर येईन. ह्यांनी मारली तर. तुम्ही मारू नका.

तुमच्या भावाची बायको