अथर्वची सेकंड शिफ्ट

अंबत्तूर, चेन्नई
११ जून २०२५

श्री. अनंतराव यांस,
शशिकलेचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर आपण दोघंही नुसता एकमेकांचा श्वास ऐकत बसलो, म्हणून लिहिते आहे. लिहिताना निदान वाक्य पुरं होतं.

अथर्वची खोली आवरायला आले, ते काम पहिल्याच दिवशी संपलं. एकट्या मुलाचं सामान ते किती असणार. दोन बॅगा भरल्या. अपघातातलं हेल्मेट पोलिसांकडेच राहिलं आहे, ते एक बरं झालं. परतीच्या दिवशी बॅगा दाराशी ठेवल्या आणि कॉटवर बसून राहिले. गाडी गेली. त्याचं वाईटही वाटलं नाही.

दुपारी वरचा पत्रा तापतो. घरमालकीण धनलक्ष्मीअम्मांनी खुणा करून कोपऱ्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे पाठवलं. तिथे दाराशी फळ्यावर आठवड्याचे कार्यक्रम लिहितात, सगळे फुकट आणि सगळ्या वयांच्या माणसांसाठी. मला फळा वाचता येईना, मी आपली पंख्याखाली बसले, तर तो कागदाच्या घड्यांचा वर्ग निघाला. रंजनी नावाच्या ग्रंथपालबाईंनी पोरांबरोबर माझ्यापुढेही एक चौकोनी कागद ठेवला. मी बेडूक केला. शेजारच्या चिमुरडीने त्याला उडी मारायला लावली, सगळे हसले. मीही तोंड तसं केलं.

जेवते, झोपते. रडू एप्रिलपासून आलेलं नाही. मिरजेत सगळे ते येण्याची वाट बघत समोर बसायचे. इथे कोणी बघत नाही. थोडे दिवस राहू द्या.

लोभ असू द्यावा, माझ्याकडून कमी पडला तरी.

आपली,
शशिकला


मिरज
१९ जून २०२५

चि. सौ. शशिकला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. जेवताना पेपर उघडला की ताट ओढून घेणारी बाई दिवसभर ग्रंथालयात बसते, हे आमच्या ताईला सांगितलं. तिला ते पटलं नाही. बायको तिकडे आणि नवरा इकडे, अशा वेळी बरं दिसत नाही म्हणते. मी ऐकून घेतो. लोक येतात, चहा घेतात, माझ्याकडे बघतात. मी त्यांना पावसापाण्याचं सांगतो. आमटीत मीठ दोनदा पडतं. तीच खातो.

तू रडली नाहीस याचा मला राग नाही, काळजीही नाही. खरं सांगायचं तर काहीच नाही. नळ सोडावा आणि आत पाणीच नसावं, तसं झालं आहे.

तू ये म्हणालीस तरी मी येणार नाही. त्या खोलीचा जिना मला चढवणार नाही, आणि हे मी गुडघ्यांबद्दल बोलत नाही. तू केव्हा येतेस ते मात्र कळव. ताईसाठी विचारतो आहे असं समज.

लोभ आहे, तो कुठे जात नाही.

तुझा,
अनंत


अंबत्तूर
१ जुलै २०२५

श्री. अनंतराव यांस,
सा. न. वि. वि.

ताईंना सांगा, मी बरी आहे. ग्रंथालयात परगावच्या लोकांना बोलायचं तमिळ शिकवतात, म्हाताऱ्यांना मोबाइल, बायकांना आणि पोरांना ठिपक्यांचं कोलम, म्हणजे इकडची रांगोळी. मी सगळ्याला बसते. कोलमाच्या वर्गात माझी रेघ बघून शेजारच्या बाईंनी एकदम मराठीत विचारलं, की मी कुठली. त्या सुंदरीबाई. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, चेन्नईतच तांबरमला असतात, सध्या इथे मुलीकडे राहायला आल्या आहेत. मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, हेल मात्र सगळा तमिळ. अर्धं कळतं, अर्धं त्या पुन्हा सांगतात.

आता जे लिहिते ते शांतपणे वाचा. त्यांनी विचारलं, मुलंबाळं किती. मी सांगितलं, एक मुलगा, इथेच कारखान्यात कामाला आहे. ‘आहे’ म्हणाले मी. तोंडातून गेलं आणि मी ते परत घेतलं नाही. तेव्हापासून त्या रोज विचारतात, तो जेवला का, खोकला बरा झाला का. खोकलाही मीच सांगितला होता. रंजनीबाईंनाही आता माहीत आहे की मला मुलगा आहे. मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. त्या विचारतात तेवढा वेळ मी कोणाची तरी आई असते.

१९ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, सगळ्या भाषांतल्या गोष्टींचा कार्यक्रम आहे. मराठी गोष्ट मी सांगायची, असं सुंदरीबाईंनी ठरवून टाकलं. अथर्वला घेऊन ये म्हणतात.

लोभ कमी करू नये.

आपली,
शशिकला


मिरज
९ जुलै २०२५

चि. सौ. शशिकला हिस,
आशीर्वाद. वि. वि.

आधी रागाने दोन ओळी लिहिल्या, फाडून टाकल्या. मग मला तुझा हेवा वाटला. इथे सगळ्या गल्लीला माहीत आहे. दूधवाल्याला, पोस्टमनला, बँकेतल्या पोरीला. ज्याच्या लेखी तो अजून कामावर गेला आहे, असा एक माणूस मला मिरजेत उरलेला नाही.

हे बरोबर नाही, हे तुलाही कळतं. १९ तारखेला त्या बाईंना काय सांगणार आहेस? तुला तिथे एकटीला सोडलं आहे, एवढंच मला कळतं.

या आठवड्यात त्याची शिफ्ट कोणती आहे, ते कळव.

लोभ आहेच.

तुझा,
अनंत


अंबत्तूर
२० जुलै २०२५

श्री. अनंतराव यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सेकंड शिफ्ट. दुपारी जातो, शनिवारीसुद्धा. संध्याकाळच्या कार्यक्रमाला त्याला येता येऊ नये म्हणून मीच ती लावली होती.

तर सुंदरीबाईंनी रंजनीबाईंना गाठून कार्यक्रमाची वेळच बदलून घेतली. सेकंड शिफ्टच्या मुलाला आईची गोष्ट ऐकता यायला हवी म्हणाल्या. फळ्यावरची संध्याकाळ पुसून सकाळ लिहिली. काल मी पोचले तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, आणि आत पहिल्या रांगेत एक खुर्ची त्याच्यासाठी धरून ठेवलेली.

चपला काढतात तिथेच मी त्यांना सांगितलं, तो येणार नाही. दमून झोपला का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एप्रिलमध्ये गेला, कामावरून येताना, बाइकवरून. बसचा नंबर सांगावा तसा माझा आवाज होता. त्या खाली पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, त्यांनी आपल्या भाचीची मुलगी त्याच्यासाठी मनात धरली होती. रागावल्या होत्या की काय, मला कळलं नाही. मी क्षमा मागितली. त्यांनी तिकडे लक्ष न देता विचारलं, लहानपणी त्याला कोणती गोष्ट सांगायचीस. मी म्हटलं, आठवत नाही. मग जे आठवतं ते सांग, म्हणून मला आत नेलं.

मी त्याचीच सांगितली. एक मुलगा होता, त्याने पाटलांची शेळी आपल्या वडिलांच्या गणिताच्या वर्गात आणून बसवली आणि वडिलांनी तिचीही हजेरी घेतली. सुंदरीबाई तमिळमध्ये सांगत गेल्या. पोरं लोळून हसली. एका मुलीने विचारलं, तो मुलगा पुढे काय झाला. मी म्हटलं, मोठा झाला, मोटारींचे भाग बनवायला लागला, आणि वारला. सुंदरीबाई तिथे अडल्या. त्यांच्याने ते सांगवेना. पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी मीच म्हटलं, इल्लै. त्यांच्या भाषेत ‘नाही’. एवढं मला येतं. मग तिने विचारलं, आणि शेळी?

कोणी रडलं नाही, मीही नाही. त्या खुर्चीवर नंतर एक आजोबा येऊन बसले, ते मला चाललं.

पुढच्या शनिवारीही मला गोष्ट सांगायला बोलावलं आहे. त्यानंतर मी घरी येईन, पण त्या दोन बॅगा घेऊन एकटीने गाडीत बसायला मला जमणार नाही. तुम्ही या. खोलीवर येऊ नका. ग्रंथालय तळमजल्यावर आहे.

लोभ घेऊन या.

आपली,
शशिकला


मिरज
२४ जुलै २०२५

चि. सौ. शशिकला हिस,
आशीर्वाद. वि. वि.

कुरियरने पाठवतो आहे, म्हणजे माझ्याआधी पोचेल.

शेळी पाटलांची नव्हती, कुंभारगल्लीतली होती. त्याने ती आणलीही नव्हती, ती त्याच्या मागे मागे आली होती. हजेरी मी घेतली, ते खरं. पोरांना चुकीचं सांगून ठेवलं आहेस, तेवढं मी नीट करीन. सुंदरीबाईंना तमिळ करायला थांबायला सांग.

ताईला सांगितलं. तिने चिवडा करायला घेतला आहे. मी दाढी केली.

तिकीट मिळालं, शनिवारी सकाळी पोचतो. स्टेशनवर येऊ नकोस, मी विचारत येईन. रंजनीबाईंना माझं नाव सांगायची गरज नाही. अथर्वचे वडील येत आहेत, एवढंच सांग.

तुझा,
अनंत