देवरुखची कॅसिनो-एजन्सी आणि तिचं दुबईतलं लायसन

अल क्वोज, दुबई
१४ मार्च २००२

ती. स्व. अण्णांस,

वासुदेवचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, आमच्या खोलीत दोन खाटांच्या मधे आडवं व्हायला जागा नाही, पण भाव पोचला असावा.) आपल्या कंबरेचं दुखणं आता कसं आहे? आईंची साखर तपासली का? रुपालीनं कळवलं की आपण पुन्हा सकाळचे सोळजाई मंदिरापर्यंत चालत जाता. वाचून फार बरं वाटलं. इकडे मी ठणठणीत आहे, आणि निम्म्या दिवसाची रजा खर्चून आपलं काम पुरं केलं आहे.

आपलं पत्र आणि सोबतचं कॅसिनोवाल्यांचं सर्टिफिकेट मिळालं. बत्तीस वर्षं गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं इंटरनेटवरच्या कॅसिनोची तालुका एजन्सी घ्यावी का, हे विचारायचा अधिकार जावयाला नाही. आपण लिहिलंतच की सरकारमान्य असेल तर तो जुगार नव्हे, महसूल. शिवाय स्टँडसमोर ऑनलाइन लॉटरीच्या दुकानात आपलेच विद्यार्थी गल्ल्यावर बसतात. अनामत पाचशे डॉलर, म्हणजे अठराशे छत्तीस दिरहम, म्हणजे आपले चोवीस हजार. ती भरण्याआधी ‘अमिरातीच्या कायद्याप्रमाणे परवानाधारक’ हे खरं की खोटं एवढंच मी बघायचं होतं. सर्टिफिकेट बघून मीसुद्धा हबकलो. वर इंग्रजीत कॅसिनोचं नाव, खाली नऊ ओळी अरबी, नंबर, आणि असा गोल शिक्का की हात आपोआप जोडले जावेत.

ते मी प्रथम आमच्या पिकअपच्या ड्रायव्हरला, जहूरला दाखवलं. (जहूर रत्नागिरीचा, राजिवड्याचा. टाइल्सचे खोके एकही न फोडता नेणारा गोडाउनमधला एकमेव माणूस.) त्याला अरबी अक्षरं लहानपणापासून येतात, बोलायलाही कामापुरतं येतं, पण सरकारी अरबीचा अर्थ लागत नाही. त्यानं खड्या आवाजात नऊच्या नऊ ओळी वाचल्या. काय वाचतोय ते त्याला कळत नव्हतं, आम्हाला तर नव्हतंच, तरी आमचा वॉचमन हमदुल्ला अदबीनं उठून उभा राहिला. वाचून झाल्यावर जहूर म्हणाला, “वासुभाऊ, शिक्का असली हाय. बाकी अल्लाला ठाऊक.”

मग शुक्रवारी मी बर दुबईत देवळाच्या गल्लीमागे एका इंटरनेट कॅफेत गेलो, आणि आपण दिलेला पत्ता एकेक अक्षर तपासून टाइप केला. अण्णा, बटणावरचं बोट उचललंही नव्हतं, तोच स्क्रीनवर सरकारची सूचना आली: ही साइट या देशाच्या मूल्यांशी विसंगत असल्यामुळे बंद केली आहे. मी थक्क झालो. आपल्या तहसीलला अर्ज पोचला हे कळायला तीन महिने लागतात. इथं माझ्या मनात काय आहे ते सरकारला माझ्याआधी ठाऊक! कॅफेवाल्यानं लांबूनच स्क्रीन बघितला आणि हात जोडून म्हणाला, “भाईसाब, आप उठो. पैसा मत दो, बस उठो.”

आता दुसरा कोणी असता तर थांबला असता. पण आपण ‘लेखी खात्री’ असे शब्द लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यात. म्हणून सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी परवान्यांच्या सरकारी कचेरीत गेलो. जहूर बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता. (पळायला लागलं तर, असं तो म्हणाला.)

काय ती कचेरी! फरशीत माझं प्रतिबिंब माझ्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. मशीनमधून नंबरची चिठ्ठी येते आणि, खरं सांगतो, त्याच क्रमानं माणसं आत जातात. कोणी कोणाचा मेव्हणा नाही. माझा नंबर लागला. समोर पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यातले, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातले, साहेब, वय पस्तिसाच्या आत. मी नुसताच कागद पुढे केला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. मग शेजारच्या साहेबांना बोलावलं, त्यांनी तिसऱ्यांना. तिघं कागदावर वाकलेले, आणि मी मनातल्या मनात रुपालीला शेवटचं पत्र लिहीत होतो.

अखेर पहिले साहेब हिंदीत बोलले. (आणि काय हिंदी! माझ्यापेक्षा चांगली.) “ये कागज असली है.”

मी म्हणालो, “मतलब लायसन असली है?”

“हाँ. उंटनी का.”

अण्णा, ते एका सांडणीच्या तब्येतीचं सर्टिफिकेट आहे. वय सहा वर्षं, रंग तांबूस, मानेवर डाव्या बाजूला डाग, कोणताही सांसर्गिक रोग नाही, शर्यतीला योग्य. कोणीतरी वर इंग्रजीत कॅसिनोचं नाव चिकटवून झेरॉक्स काढली आहे.

तिघं हसले, मीही भीतभीत हसलो. मग साहेब एकदम गंभीर झाले आणि मला बसायला सांगून त्यांनी चिमुकल्या कपात गाव्हा, म्हणजे इथली कॉफी, दिली. म्हणाले, “हमारे मुल्क में जुआ मना है. इसका लायसन हम किसी को देते ही नहीं. जो बोले मेरे पास है, वो वहीं झूठा हो गया. चेक क्या करना?”

मी कप हातात धरून बघतच राहिलो. केवढा विचार, आणि किती थोडक्यात! पाच वर्षं मी या देशात टाइल्स मोजतोय, पण देश त्या दिवशी पहिल्यांदा भेटला असं वाटलं. तरीही (आपल्या दोन रेघा आठवून) मी विचारलं, लेखी मिळेल का? साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. जी वस्तू अस्तित्वातच नाही ती नाही असं लेखी मागणारा माणूस त्यांनी आयुष्यात पहिलाच पाहिला असावा. पण त्यांनी पेन काढलं, कागदावर आडवं ‘नॉट व्हॅलिड’ लिहिलं, सही केली, आणि उठून माझ्याशी हात मिळवला. हात मिळवला, अण्णा! आमच्या सुपरवायझरनं अजून मिळवलेला नाही. कागद सोबत पाठवत आहे. अनामत भरू नये. खलास.

आईंना नमस्कार. रुपालीला यातलं काही सांगू नये. तिला मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो असं कळवलं आहे.

आपला आज्ञाधारक जावई,
वासुदेव

ता. क. एक गोष्ट वर लिहायचा धीर झाला नाही. कॅफेत त्या सूचनेखाली एक फॉर्म होता: साइट बंद करणं चुकीचं वाटत असल्यास कारणासह कळवा. रिकामा फॉर्म दिसला की भरायचा, ही स्टोअरकीपरची सवय. पण व्हिसाच्या भीतीनं स्वतःचं नाव घालवेना. म्हणून आपलं घातलं. हुद्दा: निवृत्त मुख्याध्यापक. कारण: जनहितार्थ. पत्ता पिनकोडसहित.

ता. ता. क. तरी इथल्या सरकारचं पाकीट आलंच तर कृपया पोस्टमनसमोर फोडू नये, आणि जावई कोण असं विचारलं तर थोरल्या धनंजयरावांचं नाव सांगावं. ते पुण्यात असतात, त्यांना व्हिसा लागत नाही.