तिसऱ्या रांगेतले शेरे

३ जानेवारी, शनिवार

हरलो! व्हॉलीबॉल सीझनची पहिलीच मॅच, तीही आपल्याच कॉलेजच्या हॉलमध्ये, आणि पोरांनी नाक कापलं. दोन सेट जिंकून बसले आणि मग पुढचे तिन्ही घालवले. हातातोंडाशी आलेला घास! सेटर तर इतका गोंधळला होता की बॉल नेटपलीकडच्यांनाच वाढून देतोय की काय असं वाटलं.

आणि कंडक्टर! तिसऱ्या रांगेत मास्तरांच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, आणि आख्ख्या मॅचभर त्याच्या तोंडाचा पट्टा चालू. "सर्व्ह गेली — मागच्या कोपऱ्यात — चार नंबरने उचलली — सेट उंच — मारला! लाइनच्या बाहेर!" बसमध्ये स्टॉप ओरडून ओरडून जीभ स्थिर राहत नाही त्याची. मी म्हटलं, "अरे, आम्हाला डोळे आहेत." तर म्हणे, "ताई, डोळे आहेत ना? मग कान मला द्या." मास्तर मधे बसून नुसते हसत होते.

नंतर समोरच्या चहाच्या दुकानात शेरे. ही खोड मास्तरांची. चाळीस वर्षं गणित शिकवलं, रिटायर झाले, पण प्रगतिपुस्तकाची सवय जात नाही. प्रत्येकाने एकेकाला शेरा द्यायचा आणि मी तो 'तिसरी रांग' ग्रुपवर टाकायचा. कंडक्टर म्हणाला, "सेटर — वर्गात लक्ष नाही." मी म्हटलं, "कोच — पालकांना घेऊन यावे." मास्तर म्हणाले, "सात नंबर — डाव्या हाताची सर्व्ह सुंदर. अशीच प्रगती करावी."

सात नंबर! यंदाच्या जर्सीवरचे आकडे मीच शिवलेत. गेल्या वर्षीचा डावखुरा सात पास होऊन गेला. यंदाचा सात म्हणजे तो खांबासारखा नवा पोरगा — घोट्याला पट्टी बांधून सगळी मॅच बाकावर बसला होता! डावखुरी सर्व्ह केली बारा नंबरने. दुकानात काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र राहवलं नाही, ग्रुपवर टाकलं — "मास्तर अजून गेल्या वर्षीचेच पेपर तपासतायत!" लोक लोळून लोळून हसले.

४ जानेवारी, रविवार

ग्रुपवर काथ्याकूट चालूच. एकाचं म्हणणं कोच बदला. एक म्हणतो, हॉलमधला उजेडच खराब होता. नाचता येईना, अंगण वाकडं! कुणीतरी भीतभीत लिहिलं, "पहिलीच मॅच आहे, जरा धीर धरा." त्याला सगळ्यांनी मिळून धुतलं.

दुपारी मास्तरांच्या मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, पण ग्रुप वाचते. "मावशी, बाबांना नीट दिसतं ना?" मी म्हटलं, "अगं, माझ्यापेक्षा तीक्ष्ण नजर आहे त्यांची! मी आपली चेष्टा केली."  ती म्हणाली, सतरा तारखेच्या मॅचला येते. बाबांनी एकटं राहावं हे तिला पटत नाही. या खेपेला बघणार, आणि वाटलं तर त्यांना घेऊनच जाणार. कायमचं.

फोन ठेवल्यावर हातातली बाही उलटी जोडली. उसवावी लागली.

६ जानेवारी, मंगळवार

मास्तर माझ्या शिलाईच्या दुकानावरून चालले होते, हाक मारून बसवलं. सरळच विचारलं, "जायचंय का तुम्हाला?"

"बाई, तिच्याकडे सगळं आहे. तिसरी रांग नाही."

शर्टाची बटणं एक काज सोडून लावलेली. म्हटलं, "गणिताच्या माणसाची बेरीज चुकली की हो!" हसले. तिथेच उभं राहून बटणं परत लावली, चाचपत चाचपत. मी म्हटलं, "मुलगी येईल तेव्हा तरी नीट टापटीप राहा." हो म्हणाले.

१० जानेवारी, शनिवार

दुसरी मॅच. कंडक्टरला ड्यूटी होती. म्हटलं, चला, आज माझ्या कानांना सुट्टी!

पहिला पॉइंट समोरच्यांनी घेतला. त्यांची माणसं ओरडली, आणि मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना म्हणजे — समोरच्यांना! मी कोपर मारलं. "अहो, आपला पॉइंट गेला." — "हो का? चष्म्यावर वाफ आलीय." चष्मा खिशात होता.

मग मी मॅच सोडून मास्तरांकडेच बघत बसले. बॉल कुठेही जावो, त्यांचं तोंड समोर. लोक ओरडले की क्षणभर थांबून तेही ओरडायचे. उतरताना पायऱ्या पुटपुटत मोजल्या. चहाच्या कपात बोटाचं टोक धरलं, दुकानदाराने ओतलेला चहा कुठवर आला ते कळायला. तो सात नंबर. ती बटणं.  आणि मी म्हणे पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवणारी!

जिंकलो म्हणे. शेरे टाकले नाहीत.

११ जानेवारी, रविवार

डेपोत जाऊन कंडक्टरला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"दोन सीझन झाले, ताई. नजरेच्या मधलं सगळं पुसलंय. कडेकडेचं दिसतं. घरातली कामं करतात, रस्ता पाठ आहे. बॉल दिसत नाही, तो मी सांगतो. त्या दिवशी चूक माझीच. नुसतं 'डावखुरा' म्हणालो, नंबर सांगायचा राहिला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तो तिकिटाच्या मशीनमधला कागदाचा रोल बदलत होता. वर न बघता म्हणाला, "तुम्ही ग्रुपवर टाकलं असतं."

खरंच टाकलं असतं. परत येताना बसमध्ये डोळे पुसत बसले, लाज वाटली फार.

१३ जानेवारी, मंगळवार

मास्तरांच्या घरी जाऊन माफी मागितली. म्हणाले, "शेरा देतो — समज उशिरा, पण आली." मग हळूच म्हणाले, "मुलीला कळू देऊ नका बाई. कळलं की नेईल."

तेव्हा सतराला तिच्या देखत, पण तिला कळणार नाही अशी, मास्तरांना मॅच सांगायची. कंडक्टर माझी शिकवणी घेतोय — आधी नंबर, मग हात, मग बॉल कुठे गेला. शिलाई मशीनवर बसून रस्त्याकडे बघत तालीम केली. "सायकल डावीकडून — कुत्रं आडवं — वाचला!" ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई दोन पावलं मागे सरकली.

१७ जानेवारी, शनिवार

मुलगी माझ्या शेजारी बसली. आमचा बेत पक्का — आपली पोरं कंडक्टरकडे, समोरची माझ्याकडे. पहिल्या सेटमध्ये मी सपशेल नापास. "नऊ नंबर — उजवा — नाही, डावा — अगं बाई, मारला पण!" मास्तर म्हणाले, "बाई, नक्की कुणी मारला?" मागची रांग हसली. तिसऱ्या सेटपर्यंत लय सापडली. कंडक्टर आणि मी एका दमात बोलत होतो आणि मास्तर मधे बसून अगदी वेळेवर टाळ्या वाजवत होते. बारा नंबरने शेवटची सर्व्ह टाकली — "डावा हात, मास्तर, बारा नंबर, लाइनवर, पॉइंट!" — तेव्हा म्हातारा उभा राहून ओरडला.

जिंकलो! पण मुलीने एकदाही बॉलकडे बघितलं नाही. आमच्याकडेच बघत होती.  चहाच्या वेळी शेरा मागितला तर म्हणाली, "उद्या सांगते."

माझा घसा बसलाय. आणि धाकधूक वाढलीय. पकडले गेलो बहुतेक.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी मुलगी दुकानात आली, बॅग घेऊन. एकटीच. "बाबांना दिसत नाही हे मला वर्षभरापासून माहीत आहे, मावशी. इथे कुणाला माहीत आहे का, तेवढंच बघायचं होतं. तुम्ही फोनवर 'तीक्ष्ण नजर' म्हणालात ना, त्याच दिवशी मी त्यांच्यासाठी खोली लावून ठेवली होती. आता ती लागणार नाही."