लेखी निमंत्रण

नागेंद्र,

धाकट्या भावाला ‘चिरंजीव’ लिहायची रीत आहे. आज ती मी पाळत नाही.

परवा तू टिळकवाडीहून निपाणीला आलास आणि आमच्या विड्यांच्या शेडमध्ये मार्क्सवादी साहित्यविचारावर बोललास. कथेमागे कुणाची मेहनत असते, हे मी कॉलेजात पाऊल न टाकता वाचलेलं आहे. शिवाय विडीचं पान तेंदूचं असतं. तू ते तंबाखूचं म्हणालास. सुधारून घे.

त्या शेडमध्ये रोज दुपारी मी कथा वाचतो आणि माझ्या वाटणीच्या विड्या बायका वळून देतात. कितीही रंगवून वाचलं तरी त्यांचे हात थांबत नाहीत. थांबले तर मजुरी बुडते, म्हणून मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

तू बोलत होतास तेव्हा तुझ्या वहिनीचे हात थांबले. अर्धी वळलेली विडी सुपात तशीच राहिली.

घरी आल्यावर म्हणाली, “भावजी लई सोपं सांगत्यात. परत बोलवा की.”

“बघू.”

“बघू काय? फोन लावा.”

“प्राध्यापकांना लेखी निमंत्रण द्यावं लागतं,” मी म्हणालो.

ते हे निमंत्रण. आज पुन्हा तिनं विचारलं, तेव्हा ‘धाडलंय’ म्हणून सांगितलं. पाकीट माझ्या ट्रंकेतच राहील.

तुझा थोरला भाऊ,
अप्पासाहेब