आमेन म्हणेपर्यंत

केडगाव, १९५८

अनसाक्का,

तू कुठं गेलीस ठाऊक न्हाई, मग हे पत्र धाडू कुठं?

आज आमच्या ख्रिस्ती देवळात मी प्रार्थना सांगत होते, "प्रभू येशू, आंधळ्यांना दृष्टी दे." शेजारी बसलेली आंधळी सगुणा कुजबुजली, "बाई, दारात कुनीतरी रडतंय." मी दटावलं, "प्रार्थनेत डोळं उघडू नयेत!"

आमेन म्हणून वळले, तर पायरीवर आबांनी विणलेली तुझी घोंगडी. अजून उबदार. दाजींचा मार चुकवून माझ्याकडंच आली होतीस ना? विहिरीवर, रुळांवर, सगळीकडं हाका मारल्या.

सगुणा म्हणते, "बाई, तुमच्या दृष्टीसाठी आता मी मागते. डोळं मिटा."

अक्का, मला डोळं मिटायचंच भ्या वाटतंय.

तुझी ठकू,
हितली मार्थाबाई